आजोबांचा चाकू मोडीत घालू नका



आज घरी गेलात की एक काम करा. घरात धारेच्या वस्तू किती आहेत, त्या मोजा. स्वयंपाकघरात विळी असेल. एखादी सुरी असेल. माळ्यावर किंवा पलंगाखाली जुना कोयता सापडेल. पेटीच्या तळाशी आजोबांचा मिटता चाकू असेल, गंजून घट्ट बसलेला. आजीच्या चंचीत अडकित्ता असेल. या वस्तू कोणी मुद्दाम गोळा केलेल्या नसतात. त्या घरात राहून गेलेल्या असतात. मग एक दिवस साफसफाई निघते, दारात भंगारवाला येतो, आणि सगळे किलोच्या भावाने जाते. हा लेख त्या वस्तूंबद्दल आहे. त्या का ठेवाव्यात, कशा वापराव्यात आणि कायद्याच्या कात्रीत न सापडता कशा सांभाळाव्यात, ते यात सांगितले आहे.

आपण राहतो तो भाग काही नेहमीच शहर नव्हता. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आले. बोरिवली आणि मुलुंड तर १९५७ साली आले. त्याआधी इथे भातखाचरे होती, मिठागरे होती, ताडामाडाची बने होती. आजही गोराई-मनोरीकडे शेती आहे. आरेच्या आणि बोरिवलीच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. वेसाव्याला कोळीवाडा आहे. जिथे शेत, झाड आणि मासळी, तिथे धार ही लागतेच.

आणि प्रत्येक कामाची धार वेगळी. भात कापायचा विळा बाकदार, त्याला बारीक दाते. फांद्या तोडायची कोयती जड, टोकाला वळलेली. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचे हत्यार रुंद पात्याचे, आणि धार इतकी पातळ की पोयीचा कागदासारखा काप निघावा. काप जाड निघाला तर पोय लवकर संपते, म्हणजे कमाईच संपते. चांभाराची रापी रुंद आणि आखूड. कोळणीची विळी तर आणखी वेगळी. चाकूने कापताना फळ स्थिर असते आणि हात हलतो. विळीवर पाते स्थिर असते आणि मासा हलतो. विळी पायाने दाबून धरली की दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणून तर बाजारात बसून एक बाई तासात टोपलीभर मासळी साफ करते. सुरीने ते करून पाहा म्हणजे कळेल.

कोकणात, आणि ठाणे-पालघर भागात, कोयती कमरेला लावतात. त्यासाठी लाकडाची आकडी असते. ती कमरेला मागे बांधायची आणि तिच्या खाचेत कोयती अडकवायची. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. तिकडे मराठवाड्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या मंडळींत कोयता हे माणसे मोजायचे मापच झाले आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल देताना मुकादम कोयतेच मोजतो. माणसाला हत्याराच्या नावाने मोजावे ही गोष्ट मला काही बरी वाटत नाही. पण हत्यार पोटाशी किती जवळ आहे, ते त्यातून कळते.

खिशाआधीची चंची

आता खिशातल्या चाकूकडे येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगरख्याला खिसा असेलच असे नाही. त्यांच्या कमरेला चंची असायची. चंची म्हणजे कप्प्यांची कापडी पिशवी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी, आणि एकात अडकित्ता. खरे म्हणजे अडकित्ता हाच आपल्या मराठी माणसाचा जुना खिशातला चाकू. मिटतो, धार आत राहते, बोट कापत नाही. काही अडकित्ते साधे लोखंडाचे, काही पितळेचे. कोणी त्याला मोराचा आकार दिला, कोणी घोड्याचा, कोणी राघूचा. सुपारी कातरायला मोर कशाला लागतो? लागत नाही. पण रोज हातात घ्यायची वस्तू देखणी असावी, असे करणाऱ्यालाही वाटले आणि घेणाऱ्यालाही.

दुसरा चाकू लिहिणाऱ्याचा. पूर्वी बोरूने लिहीत. बोरू म्हणजे वेताएवढी बारीक काडी. तिचे टोक तिरपे छाटायचे आणि मधे चीर द्यायची. चार-सहा पाने लिहिली की टोक बोथट व्हायचे. मग पुन्हा छाटायचे. त्यासाठी कारकुनाच्या कलमदानात लहान चाकू असे. त्याला फारसीतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्द होता. विलायतेत पिसाच्या लेखणीने लिहीत, आणि ती छाटायलाही असाच चाकू लागे. म्हणून इंग्रज लोक लहान मिटत्या चाकूला आजही ‘पेननाइफ’, म्हणजे लेखणीचा चाकू, म्हणतात. माझ्या शाळेत बोरू गेले आणि पेन्सिली आल्या, तरी गुरुजींच्या टेबलाच्या खणात चाकू होताच. पोरे रांग लावून पेन्सिली तासून घेत. मग शार्पनर आला. शार्पनर सोयीचा खरा, पण तो पेन्सिल फार खातो.

तिसरा चाकू माळ्याचा. गंमत पाहा, लेखणीला आपण कलम म्हणतो आणि झाडाच्या कलमालाही कलमच म्हणतो. दोन्ही छाटूनच तयार होतात. आंब्याचे कोय कलम कसे बांधतात, ते कोकणातल्या लोकांना ठाऊक आहे. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ निघाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत नीट बसवून गावोगाव नेली. पावसाळ्यात आंब्याची कोय रुजते. दोन आठवड्यांचे कोवळे रोप झाले की वरचा भाग छाटतात. उरलेल्या दांड्याला मधोमध चीर देतात. हापूसच्या काडीला पाचरीसारखे दोन्हीकडून तासून त्या चिरेत बसवतात आणि पट्टीने बांधतात. यात सगळी करामत चाकूची. धार चांगली असेल तर काप आरशासारखा निघतो आणि दोन्ही जखमा एकमेकींना चिकटतात. धार बोथट असेल तर साल चेंगरते, आत बुरशी शिरते, आणि महिन्याभराने काडी काळी पडते. मग माणूस म्हणतो, कलम लागले नाही. कलम लागायला आधी चाकू लागावा लागतो!

पाणी कुठे असते

चाकू चांगला की वाईट, हे मुठीवरून ठरत नाही, पात्यावरून ठरते. नुसते लोखंड मऊ असते. त्याला धार लावली तर दुमडते. लोखंडात कार्बन, म्हणजे कोळशातले द्रव्य, थोडेसे मुरले की त्याचे पोलाद होते. किती थोडेसे? शंभर भागांत अर्धा ते एक भाग. एवढ्यानेच लोखंडाचा स्वभाव पालटतो.

पण पोलाद असले तरी त्याला ‘पाणी’ द्यावे लागते. लोहार पाते तापवून लालभडक करतो. तेव्हा त्याला लोहचुंबक चिकटत नाही, ही खूण आहे. मग ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. चर्रर्र आवाज होतो. आता ते फार कडक झाले, पण काचेसारखे ठिसूळही झाले. आपटले तर तुकडा पडेल. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. पात्यावर रंग चढत जातात. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. चाकूसाठी पिवळ्यावर थांबायचे. कोयतीला घाव सोसायचा असतो म्हणून तिला थोडे पुढे जाऊ द्यायचे. हा रंग ओळखणे हीच लोहाराची विद्या. ती त्याच्या डोळ्यांत असते. म्हणून जुने लोहार भरदुपारच्या उन्हात हे काम करत नाहीत. उन्हात रंग दिसत नाही.

आपल्या भागात महामार्गाच्या कडेला पाल ठोकून घिसाडी बसतात. नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको घण मारते. ते कोणते पोलाद वापरतात, ठाऊक आहे? मोटारीचे पाटे. मालट्रक मोडीत निघाला की त्याच्या चाकांवरचे पोलादी पाटे भंगारात येतात. हे पोलाद उत्तम असते, कारण वर्षानुवर्षे ओझे सोसून लवचीक राहायचे हेच त्याचे काम. त्याच पाट्याचा कोयता होतो. मुलुंड-भांडुपकडे कारखाने होते, तेव्हा कामगार करवतीच्या यंत्राचे तुटके पाते घरी आणत आणि त्याला लाकडाच्या पट्ट्या लावून सुरी करत. दिसायला ओबडधोबड, पण कापायला अशी की बाजारातली नवी सुरी लाजावी.

आता दुकानात मिळतात त्या बहुतेक सुऱ्या स्टेनलेस पोलादाच्या. इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावात हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली हे पोलाद तयार केले. त्यात क्रोमियम हा धातू शंभरात दहा भागांहून अधिक असतो. ते सहसा गंजत नाही. रोजच्या ओल्या कामाला ते सोयीचे. त्यातही चांगले-वाईट असते. स्वस्तातले मऊ असते आणि चार दिवसांत बोथट होते. जुन्या साध्या पोलादाची ओळख सोपी आहे. त्याने लिंबू किंवा कैरी कापा आणि न पुसता थोडा वेळ ठेवा. पाते काळपट झाले तर ते साधे पोलाद. हा काळेपणा म्हणजे दोष नव्हे. तो पात्यावर राहू द्या. तांबडा गंज मात्र राहू देऊ नका, तो पाते खातो.

रामपुरीची बदनामी

मिटता चाकू ही काही कालपरवाची युक्ती नाही. ऑस्ट्रिया देशात हालस्टाट या ठिकाणी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मिटता चाकू सापडला आहे. मूठ हाडाची, पाते एकच. म्हणजे गौतम बुद्धांच्या काळाच्या आसपास तिकडचा माणूस चाकू मिटून जवळ बाळगत होता. फ्रान्समध्ये १८९० साली जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. तिकडचे शेतकरी आजही त्यानेच पाव आणि द्राक्षे कापतात. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८९१ पासून आपल्या देशाच्या शिपायांना चाकू पुरवले. त्यात डबा उघडायचे आणि स्क्रू पिळायचे साधनही बसवलेले होते.

आपल्याकडे नाव झाले ते उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे. लांब पाते, पितळी मूठ, आणि उघडल्यावर ‘खट्’ असा आवाज करणारा खटका. तिथल्या कारागिरांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पण मुंबईत रामपुरी म्हटले की लोकांना गुंड आठवतो. हे हिंदी चित्रपटांनी केले. १९६५ च्या ‘वक्त’ चित्रपटात राजकुमारच्या तोंडी चाकूवरचा एक संवाद आहे. तो अजून लोक एकमेकांना ऐकवतात. चाकू गाजला, पण चाकू करणाऱ्याच्या हाती काय आले? बदनामी आली आणि गिऱ्हाईक गेले. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारला. आता लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

जपानातही असेच झाले. तिथे मिकी गावात १८९० नंतर ‘हिगोनोकामी’ नावाचा साधा मिटता चाकू होऊ लागला. शाळेतले प्रत्येक पोर त्यानेच पेन्सिल तासायचे. १९६० च्या सुमारास मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम निघाली. चाकू दप्तरातून गेले. कारखाने मिटत गेले. आज जुन्या परंपरेने ते नाव लावणारे जवळजवळ एकच घर उरले आहे.

याचे मूळ एका गोष्टीत आहे. आपल्या भाषेत अवजारालाही हत्यार म्हणतात आणि शस्त्रालाही हत्यारच म्हणतात. सुतार म्हणतो, ‘माझी हत्यारे आण.’ पोलीसही म्हणतो, ‘हत्यार सापडले.’ पाते तेच. काम कोणते, यावर त्याचे नाव ठरते. म्हणून कायदा काय सांगतो, तेवढे समजून घेऊ.

कायदा

१९५९ चा शस्त्रांचा कायदा आहे. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू त्या कायद्याने शस्त्रात धरत नाहीत. नियमात माप दिले आहे. पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, आणि ते घर, शेती, शास्त्र किंवा कारखाना यांच्या कामासाठी केलेले नसेल, तर ते शस्त्रांत मोडते. म्हणजे तुमची विळी, विळा, कोयती यांची भीती नाही. जुना खंजीर किंवा तलवार घरात निघाली तर मात्र ती लपवू नका आणि विकूही नका. पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.

दुसरा कायदा १९५१ चा, महाराष्ट्र पोलीस कायदा. त्याच्या ३७ व्या कलमाखाली मुंबईत पोलीस आयुक्तांना बंदीहुकूम काढता येतो. तो हुकूम लागू असताना सार्वजनिक जागी चाकू, काठी घेऊन फिरायला मनाई असते. तेव्हा चाकू लहान आहे, एवढे सांगून भागत नाही. मुंबईत असे हुकूम वरचेवर निघतात. म्हणून कामाला जाताना कोयती लागत असेल तर ती फडक्यात गुंडाळून, पिशवीत तळाशी ठेवून न्यावी. काम संपले की तशीच घरी आणावी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिथे दारात पिशवी तपासतात. धारेची वस्तू घेऊन तिकडे जाऊ नये. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, अडकित्ताही चालत नाही. गावाला विमानाने जाणाऱ्या म्हातारीच्या चंचीत तो राहून जातो आणि मग तिथे काढून ठेवावा लागतो. आजीला आधी आठवण करा.

आणि पोरांनो, खटक्याचा चाकू मित्रांना दाखवायला, फोन पुढे धरून नाचवायला काढू नका. अशी चित्रे पाहून पोलीस घरी येतात. एका चाकूपायी नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडतो.

वापरायचा कसा

बोथट चाकू अधिक कापतो, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे. धार नसली की माणूस जोर लावतो. जोर लावला की पाते घसरते आणि बोटात जाते. म्हणून धार लावायला शिका.

पाजवायचा दगड पाण्यात थोडा वेळ भिजवा. ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पाते दगडावर आडवे ठेवा आणि त्याची पाठ थोडी उचला. किती? लहान चाकूच्या पाठीखाली तीन नाणी मावतील एवढी. तो कोन शेवटपर्यंत तोच ठेवा. हात हळू चालला तरी चालेल, पण कोन बदलू नये. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते. ती लागली की पाते उलटा आणि दुसरी बाजू घासा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, दहा-बारा वेळा फिरवा. न्हावी वस्तऱ्याला करतो तसे. धार आली की नाही, हे अंगठ्यावर पाहू नका. कागद किंवा टोमॅटो कापून पाहा.

सायकलवर चाक बसवून धारवाले फिरतात. त्यांच्याकडे जरूर द्या, त्यांचेही पोट आहे. पण उभे राहून पाहा. चाक जोरात फिरले आणि पाते तापून निळे पडले, तर त्या जागचे पाणी उतरले. मग कितीही घासा, धार टिकत नाही. धारवाल्याला सांगा, ‘दादा, हळू फिरवा, मधे मधे पाण्यात बुडवा.’ जाणता असेल तो रागावणार नाही. पाणी उतरलेच असेल तर लोहाराकडून पाते शेवटून घ्यावे लागते.

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारी हवा. काम झाले की पाते धुवा, कोरडे पुसा, खोबरेलाचे बोट फिरवा. मिटत्या चाकूच्या सांध्यात एक थेंब सोडा. घट्ट बसलेला चाकू पकडीने ओढून उघडू नका, पाते मोडते. सांध्यात तेल सोडून रात्रभर ठेवा. गंज काढायला चाळलेली राख आणि तेल पुरे. कानस लावू नका.

बोट कापलेच तर नळाच्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरा. वर तंबाखू, माती, शेण लावू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. जखम खोल असेल किंवा हत्यार मळके असेल तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची लस घ्या.

जमवायचे कसे

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ होते. जन्म १८९६ चा. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. केळकरांनी गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवल्या. राजेरजवाड्यांचे जडजवाहीर नव्हे, तर लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू. दिवे, कुलपे, फण्या, आणि अडकित्ते तर कितीतरी. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते, त्याच ते मागून घेत, विकत घेत. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. आज पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो पाहायला मिळतो. मुलाच्या नावाने उभी राहिलेली ही वास्तू आहे. पुण्याला गेलात तर नक्की जा आणि अडकित्त्यांसमोर जरा वेळ थांबा.

आपल्याला संग्रहालय काढायचे नाही. पण घरातले चार चाकू नीट ठेवणे कोणालाही जमेल. विकत घ्यायचे झाले तर मुंबईत चोरबाजार आहे, भंगारची दुकाने आहेत. घेताना पाते पाहा. घासून घासून निम्मे उरले असेल तर ते कमी प्रतीचे समजू नका. उलट ते चांगल्या पोलादाचे असते, म्हणून तर कोणीतरी जन्मभर वापरले. पाते मुठीत डुगडुगत असेल तर खिळा बदलता येतो. तडा गेलेले पाते मात्र घेऊ नका.

मुठीकडे विशेष लक्ष द्या. लाकूड, पितळ, म्हशीचे शिंग चालते. सांबराचे शिंग किंवा हस्तिदंत असेल तर ते विकत घेणे आणि विकणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. आपण तर राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत राहतो. असा चाकू घरात वाडवडिलांपासून आला असेल तर वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू परदेशी पाहुण्याला देऊ नका. ती देशाबाहेर नेणेही कायद्याने मना आहे.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते. सुती फडक्यात तेल लावून ठेवा. लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कुलपात. आणि वर्षातून चार वेळा बाहेर काढून वापरा. नुसता ठेवलेला चाकू गंजतो, हातातला गंजत नाही.

आता मुख्य काम. तुम्हाला लिहिता येऊ लागले आहे. एक वही घ्या आणि एका पानावर एक वस्तू लिहा. घरात जे वडील माणूस असेल, त्याच्याशेजारी बसून विचारा. ही कोणाची? कशासाठी वापरायचे? कुठून आणली? धार कोण लावायचे? म्हातारी माणसे आधी ‘काय करायचंय तुला?’ असे म्हणतील. हत्यार हातात द्या, म्हणजे हात आपोआप बोलू लागतो. नमुना म्हणून एक पान असे लिहावे:

वस्तू: कोयती. पाते: वीतभर, टोकाला वळलेले. मूठ: लाकडाची, एकदा बदललेली. कोणाची: आईच्या वडिलांची. काम: कवळ तोडणे, नारळ सोलणे, पावसाळ्याआधी कुंपण नीट करणे. कुठे ठेवत: दाराच्या मागे, खुंटीला. कोणी घडवली: ठाऊक नाही.

ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असेच लिहावे आणि पुढे दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. गावाकडचा एखादा पाहुणा दिवाळीला येतो, कोयती हातात घेतो, उलटीपालटी करतो आणि म्हणतो, ‘अरे, ही तर आमच्या आळीतल्या लोहाराची.’ तेव्हा भरायला त्या ओळी हव्यात.